गोष्ट शिकवणारा इंजिनिअर
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि एकच अट घातली आहे: सॉफ्टवेअरवर बोलायचं नाही. त्यांचं बरोबर आहे. सकाळपासून चहाच्या रांगेत पाच जणांनी मला विचारलं, ‘एआय आल्यावर आमच्या पोरांच्या नोकऱ्या राहतील का गं?’ तो विषय इथे सुरू झाला तर जेवणाची वेळ टळेल. म्हणून मी एका लेखकाबद्दल बोलणार आहे.

लेखक अमेरिकन आहेत, नाव जॉर्ज सॉन्डर्स. आपल्याकडे काय लेखक कमी आहेत, असं तुम्ही म्हणाल. कमी नाहीत. पण यांना निवडण्याची माझी दोन कारणं आहेत. एक म्हणजे आपल्यातल्या निम्म्या लोकांसारखे तेही आधी इंजिनिअर झाले, आणि नोकरी करत करत लेखक झाले. दुसरं म्हणजे १९९७ सालापासून ते विद्यापीठात गोष्ट लिहायला शिकवतात. समोर आपले सर-बाई बसलेले असताना शिकवणं या विषयावर मी बोलणं हे जरा धाडसाचंच आहे, पण ज्यांनी बोलायला शिकवलं तेच समोर आहेत, तेव्हा चुकलं तर सांभाळून घेतील.

आपल्या वेळची दहावी आठवा. ऐंशी टक्क्यांच्या वर गेलात तर सायन्स, खाली असाल तर कॉमर्स, आणि आर्ट्सला जाणाऱ्याला घरी पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवायचे. आपण कोण होणार हे त्या जून महिन्यात एकदाच ठरलं, असं आपण धरून चाललो. त्याला आता तीस वर्षं झाली. सॉन्डर्स यांची गोष्ट ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं, की हे ‘एकदाच ठरतं’ प्रकरण तपासून पाहायला हवं.

सॉन्डर्स यांचा जन्म १९५८ चा, टेक्सासमधल्या ॲमरिलोचा. ते वाढले शिकागोजवळच्या ओक फॉरेस्ट नावाच्या उपनगरात. शाळेत काही फार चमकणारा विद्यार्थी नव्हता. पण तिथल्या दोन शिक्षकांचं ऋण ते जाहीरपणे मानतात. त्या दोघांमुळे आपण कॉलेजच्या वाटेला लागलो, असं ते सांगतात. ही वाट त्यांना घेऊन गेली कोलोराडो स्कूल ऑफ माइन्स या खाणकाम आणि भूगर्भ अभियांत्रिकीच्या नावाजलेल्या संस्थेत. १९८१ साली त्यांनी भूभौतिकीची पदवी घेतली आणि तेलाचे साठे शोधणाऱ्या पथकात नोकरी धरून सुमात्राच्या जंगलात गेले.

जंगलातली छावणी, संध्याकाळी करायला काही नाही, त्यामुळे हे गृहस्थ पुस्तकं वाचायला लागले. साहित्य म्हणजे अवघड, गंभीर, पल्लेदार वाक्यांचं काहीतरी असतं अशी त्यांची ठाम समजूत. तिथे त्यांनी कर्ट व्हॉनेगटची कादंबरी वाचली आणि ते चक्रावले. हा माणूस युद्धासारख्या विषयावर इतकं साधं आणि गमतीदार कसं लिहितो? मग ते जंगलातच एका नदीत पोहायला गेले. नदीवरून तेलाचा पाइप गेलेला, आणि पाइपवर माकडांची शाळा भरलेली. पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखा. आजारी पडून घरी परतले.

त्यानंतरची काही वर्षं त्यांनी मिळेल ते काम केलं. छपरं शाकारली, इमारतीच्या दारावर उभे राहिले, कत्तलखान्यात राबले. मग १९८६ मध्ये त्यांना सिरॅक्यूज विद्यापीठाच्या लेखनाच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला.

इथे दोन शब्द या ‘लेखनाच्या अभ्यासक्रमा’बद्दल. लेखक आणि शिक्षक एकाच माणसात असणं आपल्याला नवं नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत होते, गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्र शिकवत होते, भालचंद्र नेमाड्यांनी इंग्रजी शिकवलं. पण यांपैकी कोणी ‘कथा कशी लिहावी’ हा विषय फळ्यावर लिहून, हजेरी घेऊन शिकवला नाही. अमेरिकेत तशी रीत आहे. आयोवा विद्यापीठात १९३६ पासून तसा अभ्यासक्रम चालतो, आणि नंतर इतर अनेक विद्यापीठांनी तो सुरू केला. सिरॅक्यूजमध्ये आधी रेमंड कार्व्हर शिकवून गेले होते. सॉन्डर्स गेले तेव्हा टोबायस वुल्फ आणि डग्लस अंगर हे दोन लेखक शिकवत होते.

वुल्फसरांची एक हकिकत सॉन्डर्स यांनी लिहून ठेवली आहे. एकदा वुल्फसरांचं जाहीर कथावाचन ठरलेलं होतं. लोक जमले, आणि सरांनी स्वतःची कथा न वाचता चेकॉव्हच्या कथा वाचून दाखवल्या. चेकॉव्ह तोवर सॉन्डर्सना पुस्तकातला एक आदरणीय, थोडा थंड माणूस वाटायचा. त्या संध्याकाळी कळलं, की चेकॉव्ह विनोदी आहे, मायाळू आहे, आणि सगळं सभागृह तो हसवू शकतो. सरांनी कथेचं विश्लेषण केलं नाही, टिपणं दिली नाहीत, नुसतं नीट वाचलं. हे वाचताना मला आपल्या मराठीच्या बाई आठवल्या. ऑफ तासाला त्या यायच्या, ‘वह्या बंद’ म्हणायच्या आणि परीक्षेला नसलेली गोष्ट वाचायला घ्यायच्या. बाई, त्या तासांचे मार्क कुठल्याच प्रगतिपुस्तकात आले नाहीत, पण आज सकाळी जो तो त्याच तासांबद्दल बोलत होता.

पदवी घेऊन सॉन्डर्स लेखक झाले का? नाही. लग्न झालं, दोन मुली झाल्या, घर चालवायला पैसे हवेत. १९८९ ते १९९६ अशी सात वर्षं त्यांनी रॉचेस्टर शहरातल्या एका पर्यावरण अभियांत्रिकी कंपनीत तांत्रिक अहवाल लिहिले. याच काळात त्यांनी एक भलीमोठी कादंबरी लिहिली. मेक्सिकोतलं लग्न हा विषय, सातशेच्या वर पानं. मोठ्या उमेदीनं बायकोला वाचायला दिली. थोड्या वेळानं डोकावून पाहिलं तर बाईसाहेब डोकं दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. निकाल कळला.

त्यानंतर काही दिवसांनी ऑफिसच्या एका लांबलचक कॉन्फरन्स कॉलवर बसून टिपणं काढायचं काम त्यांच्याकडे आलं. कंटाळून त्यांनी कागदावर यमकांच्या गमतीदार कविता आणि शेजारी चित्रं काढली. तो कागद सहज घरी नेला. दुसऱ्या खोलीतून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. लिहिलेलं वाचून कोणीतरी मनापासून हसतंय, ही गोष्ट कित्येक वर्षांत झाली नव्हती. तेव्हा त्यांना कळलं, की ‘थोर साहित्य’ लिहिण्याच्या नादात आपण स्वतःचा स्वभाव बाहेर ठेवून लिहायला बसत होतो. आपण गमतीदार आहोत, आपल्याला ऑफिसची भाषा येते, साहेबाला घाबरणारा, हप्ते भरणारा माणूस आपल्याला आतून माहीत आहे. मग त्याच माणसाबद्दल लिहूया.

ऑफिसमध्येच, मिळेल त्या फटीत, अहवालाच्या आड त्यांनी कथा लिहिल्या. सात वर्षांत सहा कथा आणि एक लघुकादंबरी. म्हणजे वर्षाला एक. पहिलं पुस्तक १९९६ साली आलं, तेव्हा वय ३७. पुढच्या वर्षी वुल्फसर स्टॅनफर्डला गेले, आणि त्याच वर्षापासून सॉन्डर्स सिरॅक्यूजमध्ये शिकवू लागले. २००६ मध्ये मॅकार्थर शिष्यवृत्ती मिळाली. पहिली कादंबरी आली २०१७ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी. अध्यक्ष लिंकन यांचा अकरा वर्षांचा मुलगा विली १८६२ मध्ये गेला आणि शोकाकुल बाप रात्री एकटा दफनभूमीत जाऊन बसायचा, अशी एक आख्यायिका त्यांनी ऐकली होती. ती सुमारे वीस वर्षं मनात ठेवून मग लिहिली. तिला त्या वर्षीचं मॅन बुकर पारितोषिक मिळालं.

आता शिकवण्याकडे वळते, कारण मला खरं बोलायचं आहे ते त्याबद्दल. त्यांच्या अभ्यासक्रमाला दरवर्षी सहाशे-सातशे अर्ज येतात आणि घेतात फक्त सहा जण. म्हणजे आयआयटीवाल्यांनी जरा गप्प बसावं. या सहा जणांना ते काय शिकवतात? वीस वर्षं त्यांनी एक वर्ग घेतला, एकोणिसाव्या शतकातल्या रशियन कथांचा. २०२१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात चेकॉव्हच्या तीन, टॉलस्टॉयच्या दोन आणि तुर्गेनेव्ह व गोगोल यांची एकेक, अशा सात कथा आहेत.

पहिली कथा चेकॉव्हची. खेड्यातली एक शाळामास्तरीण शहरातून पगार घेऊन बैलगाडीसारख्या एका खटाऱ्यातून, चिखलातून परत चालली आहे. बस, एवढंच. ती कथा सॉन्डर्स एका वेळी एकच पान वाचायला देतात आणि दर पानाला थांबून तीन प्रश्न विचारतात. या पानामुळे तुम्हाला नवं काय कळलं? आता कशाची उत्सुकता आहे? गोष्ट कुठे जाईल असं वाटतंय? ‘लेखकाला काय म्हणायचं आहे’ हा आपल्या गाइडमधला प्रश्न ते विचारतच नाहीत. वाचताना तुमच्या मनात काय झालं, ते सांगा म्हणतात. इंजिनिअरचं शिक्षण इथे दिसतं: आधी मोजमाप, मग मत.

लिहिण्याबद्दलही त्यांचं असंच आहे. ते म्हणतात, कल्पना करा की कपाळावर एक मीटर बसवला आहे. सुई एका बाजूला गेली तर ‘आवडतंय’, दुसऱ्या बाजूला गेली तर ‘नाही आवडत’. आता आपलंच लिखाण पहिल्यांदाच वाचणाऱ्या परक्या माणसासारखं वाचायचं आणि सुई कुठे हलते ते बघायचं. सुई पडली तिथे वाक्य बदलायचं. पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. असं शेकडो वेळा. प्रतिभेचा झटका वगैरे येतच असेल, पण भरवसा या फेऱ्यांवर ठेवायचा. आमच्या धंद्यात याला टेस्टिंग म्हणतात, आणि त्याला कोणी कला म्हणत नाही.

पण एका ठिकाणी हे टेस्टिंगच्या पुढे जातं. हे फेरफार करताना काय होतं ते ते एका कॉफीच्या दुकानातल्या माणसाचं उदाहरण देऊन दाखवतात. मी आपल्याकडचं बनवून सांगते. समजा मी वाक्य लिहिलं: ‘रमेश खडूस माणूस होता.’ सुई पडते. का? कारण हा नुसता शिक्का आहे, मला काही दिसलं नाही. मग मी लिहिते: ‘दोन रुपये सुटे नाहीत म्हणून रमेश रिक्षावाल्यावर खेकसला.’ आता दिसलं. पण पुन्हा वाचताना प्रश्न येतो, दोन रुपयांवरून का? मग लिहिते: ‘सिव्हिल हॉस्पिटलच्या गेटपाशी, हातात आईचे रिपोर्ट घेऊन उभा असलेला रमेश दोन रुपये सुटे नाहीत म्हणून रिक्षावाल्यावर खेकसला.’ बघा, मी माणुसकीचा विचार करायला बसले नव्हते. मी फक्त वाक्य दुरुस्त करत होते. पण तीन फेऱ्यांत ‘खडूस माणूस’ नाहीसा झाला आणि रमेश उभा राहिला. सॉन्डर्स यांचं म्हणणं हेच आहे, की वाक्य अधिक अचूक करत गेलं की लेखक त्या पात्राशी आपोआप अधिक चांगला वागायला लागतो.

त्यांच्या पुस्तकात शेवटी काही स्वाध्याय दिले आहेत. त्यांतला एक मी गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर टाकला होता. दोनशे शब्दांची गोष्ट लिहायची, पण त्यात वेगळे शब्द पन्नासच वापरायचे. तेच तेच शब्द फिरवून आणायचे. वेळ पाऊण तास. लगेच ग्रुपवर भांडण. ‘घर’, ‘घरात’, ‘घराला’ हे एक शब्द धरायचे की तीन? इंग्रजीवाल्याला हा प्रश्नच पडत नाही, कारण त्याचं ‘घर’ आहे तसंच राहतं आणि ‘मध्ये’, ‘ला’ वेगळे सुटे येतात. आपली विभक्ती शब्दाला चिकटते. शेवटी व्याकरणाच्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, ‘मूळ शब्द एक, रूपं कितीही.’ मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता मोजायला, तो सरांच्या एका वाक्यानं निकालात निघाला.

अकरा जणांनी गोष्टी पाठवल्या. त्यांतली सगळ्यांना आवडलेली गोष्ट कोणाची होती ते मी त्याची परवानगी घेऊन सांगते, नाव मात्र घेत नाही, कारण तो तिसऱ्या रांगेत बसून आत्ताच लाल झाला आहे. आपला हार्डवेअरच्या दुकानवाला मित्र. त्याच्या गोष्टीत एक म्हातारे गृहस्थ रोज दुकानात येतात, दाराची कडी विकत घेतात, आणि दुसऱ्या दिवशी ‘बसत नाही’ म्हणून परत आणतात. दुकानदार रोज बदलून देतो. तीच कडी देतो. एक दिवस गृहस्थ येत नाहीत. दुकानदार कडी खिशात टाकतो आणि शटर ओढून त्यांच्या घराकडे निघतो. गोष्ट संपली. शब्द पन्नासच असल्यामुळे ‘कडी’ हा शब्द इतक्या वेळा येतो, की शेवटी ती कडी राहतच नाही.

आता याच मित्राला आपण शाळेत काय म्हणायचो ते सगळ्यांना आठवतं. एक अक्षर होतं. बाराखडीतलं, ‘ड’ च्या पुढचं. तीस वर्षं ते एक अक्षर म्हणजे तो. मला वाटतं, शाळेत आपण सगळेच एकमेकांबद्दल एकेक वाक्य लिहून ठेवतो. ही हुशार, तो मवाली, ती शिष्ट, तो रडका. तो कच्चा खर्डा असतो, चौदा-पंधराव्या वर्षी घाईत लिहिलेला. त्यात वाईट काही नाही, सगळ्यांचा पहिला खर्डा असाच असतो. पण मग शाळा सुटते, आपण पांगतो, आणि तोच खर्डा पक्का होऊन बसतो.

सॉन्डर्स यांनी २०१३ साली सिरॅक्यूजच्या पदवीदान प्रसंगी एक भाषण केलं, ते पुढे पुस्तकरूपानं आलं. आयुष्यात कशाची खंत वाटते, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. गरिबीची नाही म्हणाले, माकडांच्या नदीत पोहल्याचीही नाही. सातवीत असताना वर्गात एक नवी मुलगी आली होती. लाजाळू, घाबरली की केसांची बट तोंडात धरणारी. मुलं तिला चिडवायची किंवा ती नाहीच असं वागायची. एक दिवस ते कुटुंब गाव सोडून गेलं. बस, एवढीच गोष्ट. सॉन्डर्स तिच्याशी वाईट वागले नव्हते. थोडं चांगलंच वागले होते. पण जेवढी माया दाखवता आली असती तेवढी दाखवली नाही, हे बेचाळीस वर्षांनी आठवतंय, असं ते त्या पदवीधरांना सांगतात. बुकर, मॅकार्थर मिळवणारा माणूस तरुण मुलांना काय सांगतो, तर जमेल तितकं माणसांशी चांगलं वागा. त्यांची ही शिकवण आणि ती मीटरची सुई यांत मला फरक दिसत नाही. दोन्हीकडे सांगणं एकच: पहिल्या वाक्यावर थांबू नका, पुन्हा वाचा.

म्हणून मला या स्नेहमेळाव्याचा उपयोग काय वाटतो ते सांगते. आज सकाळपासून आपण सगळे एकमेकांचं दुसरं वाचन करतो आहोत. जिला आपण शिष्ट म्हणायचो, तिला त्या वर्षी घरी धाकट्या तीन भावंडांचं करून शाळेत यावं लागत होतं, हे मला आज पोह्यांच्या प्लेटवर कळलं. तिच्याबद्दलचं माझं वाक्य मी पोहे संपेपर्यंत बदललं होतं.

आपल्या यादीत तिन्ही तुकड्या मिळून एकशे चोपन्न नावं आहेत. आज आलेत ब्याऐंशी. काही जणांना रजा मिळाली नाही, काही परदेशी आहेत, चौघे आता आपल्यात नाहीत. पण सत्तावीस जण असे आहेत की त्यांचा पत्ता, फोन काहीच सापडला नाही. मी ती सत्तावीस नावं पुन्हा पुन्हा वाचली. बहुतेकांबद्दल आपल्याकडे एकच वाक्य आहे, काहींबद्दल तेवढंही नाही.

माझी विनंती एवढीच आहे. ती यादी बाहेर टेबलावर ठेवली आहे. जाताना प्रत्येकानं एक नाव घ्या. शेजारी राहायचं कोणी, मामा कुठल्या गावचे, वडील कुठल्या खात्यात होते, काही आठवत असेल त्यावरून शोध घ्या. सापडलं तर फोन करा, आणि काय चाललंय ते निवांत ऐकून घ्या. पुढच्या मेळाव्याला आलं नाही तरी चालेल.

सर, बाई, तुम्ही आमच्या वह्यांवर लाल शाईनं एक शेरा मारायचात, ‘पुन्हा लिहा’. तेव्हा तो शिक्षा वाटायचा. सॉन्डर्स वाचल्यापासून मला तो शेरा फार मोलाचा वाटतो.